गाण्यांचा सातबारा

जमिनीचा मालक कोण हे जमिनीला ठाऊक नसते, तलाठ्याच्या दफ्तराला ठाऊक असते. आणि ज्या मनुष्याने उमेदीची सारी वर्षे सातारा जिल्ह्यातील निरनिराळ्या तालुका कचेऱ्यांत, आरंभी उमेदवार आणि अखेरीस अव्वल कारकून या नात्याने, अशा दफ्तरांच्या धुळीत व्यतीत केली, त्याला निवृत्तीनंतर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातील श्रूजबरी नामक गावी, पुतण्याच्या घराच्या तळघरात बसून, काही हजार गाण्यांच्या मालकीहक्काची चौकशी चालवावी लागेल असे भविष्य कोणा ज्योतिषाने वर्तवले असते, तर त्याला दिलेली दक्षिणा मी खचितच परत मागितली असती. प्रकरण तसे सरळ होते. मालमत्ता शाबूत होती, कब्जा निर्वेध होता, हद्दीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. फक्त उतारा गहाळ झाला होता.

श्रूजबरी म्हटले की आमच्याकडच्या लोकांना गाव आठवत नाही, बिस्किट आठवते. पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीपुढे रांगेत तिष्ठून ज्याने ती बिस्किटे मिळवली आहेत, त्याला हे नाव पत्त्यातही लिहिता येते हे पटवणे कठीण जाते. मूळचे श्रूजबरी इंग्लंडातले. तिकडून नाव निघाले ते एका बाजूने पुण्यास येऊन भट्टीत शिरले आणि दुसऱ्या बाजूने मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन १७२७ साली रीतसर गाव होऊन बसले. आता दर उन्हाळ्यात आमच्यासारखी माणसे ती बिस्किटे कपड्यांच्या घड्यांत दडवून पुण्याहून श्रूजबरीस नेतात, आणि विमानतळावरचा अंमलदार एकवार खोक्यावरचे नाव वाचतो, एकवार फॉर्मवरचा पत्ता वाचतो, आणि या दोहोंत काही कट आहे की काय अशा नजरेने आमच्याकडे पाहतो. गाव मोठे नीटनेटके आहे. पश्चिमेस क्विन्सिगामंड नावाचे लांबट सरोवर, पलीकडे वूस्टर शहर, मधून पूल ओलांडून जाणारा नऊ नंबरचा रस्ता. गावाचे वीजखाते गावाच्या स्वतःच्या मालकीचे आहे. याच नऊ नंबरच्या रस्त्यावर स्पॅग्ज नावाचे एक प्रख्यात दुकान होते. अँथनी बोर्गाटी या गृहस्थांनी ते १९३४ साली काढले, तिथे हरएक वस्तू स्वस्तात मिळे, परंतु घेतलेला माल घरी न्यायला पिशवी म्हणून मिळत नसे. मी येण्यापूर्वीच ते बंद झाले याची मला मनस्वी हळहळ वाटते. खिशात कापडी पिशवी घडी करून बाळगणाऱ्या आमच्या पिढीची कदर करील असे अमेरिकेत एकच दुकान निघाले होते, आणि तेही आमची भेट होण्याआधी मिटले.

परंतु प्रस्तुत प्रकरणाशी साक्षात संबंध असलेली इमारत साउथ स्ट्रीटवर आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या एकेकाळच्या बलाढ्य संगणक कंपनीचे हार्ड डिस्कचे काम या गावात चालत असे. १९९४ साली तिने तो व्यवसाय क्वांटमला विकला, २००१ साली क्वांटमच्या डिस्क मॅक्सटरकडे गेल्या, २००६ साली खुद्द मॅक्सटर सीगेटने घेतली, आणि ती इमारत शेवटी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेच्या ताब्यात आली. इतक्या थोड्या वर्षांत इतके फेरफार एका मिळकतीवर पडलेले मी नोकरीत असतानाही क्वचितच पाहिले. सांगायचा मुद्दा असा की, ज्या गावी डिस्कांवर विद्वान लोक डोके शिणवीत, त्याच गावी आमच्या पुतण्याच्या संगणकाची डिस्क जानेवारीतल्या एका हिमवादळाच्या सकाळी टक्‌-टक्‌ असा आवाज करून गतप्राण झाली. पुतण्या स्वतः या धंद्यातला. परक्यांच्या माहितीच्या नकला दोन-दोन ठिकाणी सुरक्षित राहाव्यात अशा यंत्रणा बांधणे यावर त्याचा चरितार्थ चालतो. स्वतःच्या गाण्यांची मात्र त्याने एकही नक्कल ठेवली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण इंग्रजी न येणाऱ्या माणसाने रचली असली तरी संगणकशास्त्रात ती जशीच्या तशी लागू पडते.

डिस्कच्या आत म्हणे चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर, स्पर्श न करता, हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत, वाचणारी सुई जाते. सुई भरकटली की ती पुन्हापुन्हा मूळ जागी येऊन नव्याने प्रयत्न करते, आणि तोच तो टक्‌-टक्‌ आवाज. अशी डिस्क निर्धूळ खोलीत उघडून आतला ऐवज काढून देणारे तज्ज्ञ आहेत. त्यांचे दर डॉलरांच्या हजारांत बोलतात. म्हणून पुतण्याने आधी घरगुती उपाय केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काका, फ्रीझरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पिशवीखाली डबल पिशवीत काहीतरी चौकोनी आहे. तुम्ही आणलेली चिक्की आहे का?” ती चिक्की नव्हती. बिघडलेली डिस्क रात्रभर गोठवली की घटकाभर जिवंत होते, तेवढ्या वेळात नक्कल काढून घ्यावी, असा एक समज या धंद्यातल्या लोकांत फार दिवस प्रचलित आहे. हल्लीच्या डिस्कांना त्याचा काही उपयोग नाही, उलट बाहेर काढल्यावर दंव धरून उरलीसुरली आशा जाते, हे पुतण्याला पक्के ठाऊक होते, कारण ते तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगत असे. परंतु आपल्या घरात आजारी पडले म्हणजे डॉक्टरही अंगारा लावतो. डिस्क मोड आलेली मटकी, अळूवड्यांचे उंडे आणि गेल्या गणपतीतले मोदक यांच्या सहवासात एक रात्र राहिली, बाहेर आली, टेबलावर तिच्याखाली पाण्याचे थारोळे झाले, आणि तिने पुन्हा टक्‌-टक्‌ केले. बाहेर ओट्यावर उणे १५ अंश असताना विजेचा फ्रीझर कशाला हवा होता, असे मी विचारले. त्याला उत्तर मिळाले नाही.

मग कोणाला तरी आयपॉडची आठवण झाली. तो मोटारीच्या पुढच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, कित्येक महिने पडून होता.

ज्यांना हे यंत्र आता विस्मृत झाले असेल त्यांच्याकरिता त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. ॲपल कंपनीने पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर केला. किंमत ३९९ डॉलर, आत ५ गिगाबाइटची इवलीशी डिस्क, आणि खिशात हजार गाणी अशी जाहिरात. पुढे त्याची प्रजा वाढली, गाण्यांची संख्या हजाराची चाळीस हजारांपर्यंत गेली, आणि २०१४ साली त्यातला क्लासिक नावाचा चक्रवाला वंश बंद झाला. २०२२ साली उरलेली शेवटची पातीही गेली. या यंत्राच्या वेष्टनावर, संगीताची चोरी करू नये, अशी समज अनेक भाषांत छापलेली असे. गाणी चोरीस जाऊ नयेत या विवंचनेतून कंपनीने व्यवहार एकेरी ठेवला होता: संगणकातून गाणी आयपॉडमध्ये जातील, आयपॉडमधून संगणकात यायची नाहीत. म्हणजे कचेरीतून गावाला नक्कल मिळेल, गावातून कचेरीला नाही. कचेरी जळाली तरी नाही. नव्या संगणकाला आयपॉड जोडला की संगणक नोटीस काढतो, तिचा मजकूर असा की, हे यंत्र दुसऱ्या दफ्तराशी संलग्न आहे, तरी ते साफ पुसून या नव्या दफ्तराशी संलग्न करावे काय? नवे दफ्तर अर्थातच कोरे. तेव्हा या प्रश्नाला होकार देणे म्हणजे जिवंत राहिलेल्या एकमेव नकलेवरून आपल्याच हाताने बोळा फिरवणे. मी पस्तीस वर्षे जप्तीच्या नोटिसा लिहिल्या, परंतु इतक्या मृदू शब्दांत, इतक्या सुबक अक्षरांत आणि तळाशी इतके देखणे बटण लावून जप्ती करता येते हे मला श्रूजबरीस समजले.

यावर तोड अशी निघाली की, आयपॉड जोडताना संगणकाच्या दोन कळा एकाच वेळी दाबून धरल्या, तर संगणक आपणहून संलग्न करण्याच्या भानगडीत पडत नाही. हे काम माझ्याकडे आले. यंत्र पडद्यावर हजर होईपर्यंत दोन बोटे उचलायची नाहीत अशी मला सक्त ताकीद होती, आणि मीही, मोजणीच्या वेळी साखळीचे टोक धरून उन्हात उभ्या राहणाऱ्या कोतवालाच्या निष्ठेने, ती पाळली. एकदा आयपॉड निव्वळ डिस्क म्हणून उघडला, की आत पाहिले तर काहीच नाही. दडवलेले कप्पे दाखव, असा हुकूम संगणकाला वेगळा द्यावा लागतो. तो दिल्यावर मग ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा कप्पा उगवला, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ शून्य-शून्यपासून पुढे ओळीने कप्पेच कप्पे. एकेका कप्प्यात गाणी कोंबलेली, आणि प्रत्येक गाण्याचे नाव चार रोमन अक्षरांचे, कोणत्याही भाषेत अर्थ नसलेले. कुमार गंधर्वांच्या शेजारी दादा कोंडके, त्यांच्या शेजारी सूनबाईने कधीतरी उतरवलेले गणपती अथर्वशीर्ष, तिघेही सारखेच निनावी. ही गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत, कोणती आवडीची, कोणती किती वेळा वाजली, ही सारी माहिती एका निराळ्या खतावणीत असते, ती खतावणी यंत्रालाच वाचता येते, आणि ती नव्या संगणकात आणायची तर तिऱ्हाइतांनी लिहिलेल्या साधनांची मदत घ्यावी लागते. त्यातल्या एका साधनाचे नाव सेनूटी असे आहे. ॲपलच्या आयट्यून्सची अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की हे नाव होते. काम उलटे करायचे म्हणून नावही उलटे, एवढा प्रामाणिकपणा मी सरकारी योजनांच्या नावांत पाहिला नाही.

याहून कडेलोट पुढे होता. पुतण्याने पूर्वी काही गाणी कंपनीच्या दुकानातून एकेक ९९ सेंटांना विकत घेतली होती, आणि त्या काळच्या विकतच्या गाण्यांना कुलूप असे. २००९ साली कंपनीने ते काढले, परंतु आधी घेतलेली गाणी कुलपासकटच राहिली. कुलूप उघडण्याची परवानगी एका वेळी पाच संगणकांना. पुतण्याचे पाचही भरले होते, आणि त्यांतले किमान तीन संगणक या मृत्युलोकात नव्हते. मयताने समक्ष हजर राहून आपले नाव कमी करावे, अशी नियमाची अपेक्षा होती. नाही तर वर्षातून एकदा सरसकट सर्वांची नावे उडवून नव्याने नोंदी कराव्यात. आमच्या खात्यावर लोक उगीच बोट ठेवतात. आमच्याकडे निदान वारसाची नोंद घेण्यासाठी गाव नमुना सहा-क नावाची वही आहे.

आता ज्या भागावर माझे खरे प्रभुत्व आहे तिकडे वळतो. गाणी नव्या संगणकात उतरली, चार अक्षरी नावांची ती बेवारस फौज पाहून पुतण्या म्हणाला, “काका, घाबरू नका. प्रत्येक गाण्याच्या पोटात त्याची चिठ्ठी असते. ती वाचून संगणक नावं परत लावेल.” ही चिठ्ठी १९९६ साली प्रचारात आली. तिची मूळ आवृत्ती गाण्याच्या अगदी शेपटीला जोडलेली, अवघ्या १२८ बाइटांची. त्यात गाण्याच्या नावाला ३० घरे, गाणाऱ्याला ३०, संग्रहाला ३०, आणि प्रकाराला एक. आमच्या पुतण्याने बहुसंख्य गाणी या जुन्या पद्धतीने, रोमन लिपीत आणि बिरुदांसकट उतरवली होती, कारण मोठ्या माणसाचे नाव मोकळे लिहू नये असे त्याच्या वडिलांचे वळण. परिणाम असा झाला की ‘स्वरभास्कर पंडित भीमसेन जोशी’ हे रोमन लिपीत तिसाव्या घराशी येऊन अडले, आणि यादीत भीमसेन जोस नावाचे कोणी गोमंतकीय गृहस्थ शेकड्यांनी अभंग गाताना आढळले. ‘गानसरस्वती किशोरी आमोणकर’ एक घर शिल्लक ठेवून वाचल्या. ‘संगीत मार्तंड पंडित जसराज’ हेही मधल्या मोकळ्या जागा धरून तीस घरांत सुखरूप मावले. ज्या कोणी ती पदवी दिली त्याने अगोदर मोजणी करून घेतली असावी.

प्रकाराचा स्तंभ त्याहून मौजेचा. त्यात शब्द लिहायचा नसतो, आकडा लिहायचा असतो, आणि मूळच्या यादीत ८० प्रकार. त्यात डेथ मेटल आहे, पोल्का आहे, थट्टामस्करी हाही एक प्रकार आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, नाट्यपद नाही, भावगीत नाही, आणि लावणीचे तर नावच नको. यादीतला पहिला प्रकार, म्हणजे आकडा शून्य, तो ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपले दुःख ज्यात ओतले ते गाणे. ज्या गाण्यांचा स्तंभ निष्काळजीपणे शून्य राहिला ती सगळी त्या सदरात जाऊन पडतात. अशा रीतीने तुकोबा, जनाबाई आणि चोखोबा हे तिघेही पुतण्याच्या संगणकावर ब्लूजमध्ये दाखल झालेले मी पाहिले. मी दुरुस्तीला हात घातला होता. परंतु चोखोबांपाशी येऊन थबकलो, आणि ती नोंद तशीच कायम केली.

नाव गाण्याच्या शेपटीला बांधण्याची ही युक्ती संगणकवाल्यांना आपली वाटते, ती तशी नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रण करण्यास आले, तेव्हा गौहर जान गाणे संपताच, श्वास घेऊन, इंग्रजीत आपले नाव सांगत असत. मुद्रण जर्मनीतल्या हॅनोवरला जायचे, तिथल्या कारागिराला जोगिया कळणार नाही आणि भैरवीही नाही, निदान कोणत्या बाईच्या तबकडीवर कोणते लेबल लावायचे हे कळावे, म्हणून. तीन मिनिटांची तबकडी, त्यातले अमोल क्षण या बाईने स्वतःच्या नोंदीसाठी राखून ठेवले. कालांतराने गायकांत ही दूरदृष्टी राहिली नाही, आणि पुढल्या पिढ्यांतल्या आमच्यासारख्या ध्वनिमुद्रण करणाऱ्यांस तर अजिबात नाही, याचे पुरावे लवकरच मिळू लागले.

पुतण्याची मुलगी, म्हणजे आमची नात, इथेच जन्मलेली आणि इथल्याच शाळेत जाणारी, दोन दिवस हे सारे पाहून म्हणाली, “आजोबा, सगळं ऑनलाइन आहे. दहा डॉलर भरा, संपलं.” मुलीचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे होते. भीमसेन जोस तिकडे पूर्ण नावाने होते. परंतु पुतण्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, वाईच्या घरी आकाशवाणी सांगलीवरचे सकाळचे गायन टेपरेकॉर्डर रेडिओपुढे ठेवून उतरवले होते, आणि पुतण्याने अमेरिकेस येताना त्या कॅसेट आणून इथे त्यांची गाणी केली होती. ती कोणाच्याही दुकानात नव्हती. मी तिला त्यातले एक ऐकवले. तोडी चालू आहे. आलाप गंधारावर येऊन स्थिरावतो, आणि स्थिरावताक्षणीच कुकरची पहिली शिट्टी होते. गाणारा, नाही तर गाणारी, पुढे जाते. दुसरी शिट्टी. मग लांबून वहिनींचा आवाज, “अहो, दूधवाला आलाय, भांडं द्या.” त्यावर अगदी जवळून, यंत्राला तोंड लावल्यागत, बंधूंचे, “शू! रेकॉर्डिंग चाललंय!” यानंतर भांडे पडल्याचा आवाज आहे. तिसरी शिट्टी बरोबर समेवर येते. नातीने ते पुन्हा लावले, पुन्हा हसली, आणि मग दहा डॉलरांचा विषय तिने काढला नाही. चिठ्ठीत गायकाच्या स्तंभात ‘अज्ञात कलाकार’ असे होते. मी साथीच्या सदरी वहिनींचे नाव घातले आणि तालवाद्यात प्रेशर कुकर.

अशी निनावी गाणी पुष्कळ निघाली, आणि ती ओळखायला जाणती माणसे हवी होती. श्रूजबरीत ती उन्हाळ्यात मुबलक मिळतात. मे महिन्यात विमाने भरभरून आईबाप उतरतात, सहा महिन्यांचा शिक्का घेऊन. सकाळी डीन पार्कमध्ये तळ्याभोवती फेऱ्या मारतात, साडीखाली मुलाने घेऊन दिलेले बूट, डोक्याला भर उन्हाळ्यात कानटोपी. दुपारी मुले कामावर, नातवंडे शिबिरात, आणि दूरदर्शनवर काय चालले आहे ते समजत नाही, अशा अवस्थेत कामाच्या शोधात असतात. मी त्यांची समिती नेमली. नाशिकच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी रेडिओवरचे एकही गाणे उभ्या आयुष्यात अर्धे सोडले नव्हते. आणि सोलापूरचे एक विमाखात्यातले अधिकारी, ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सवाला हजेरी लावण्यापुरती रजा बाकीचे वर्षभर साठवली होती. बाईंची स्मरणशक्ती विलक्षण, साहेबांचा आवाज मोठा. तळघरात चहा, श्रूजबरी बिस्किटे आणि संगणक यांच्याभोवती आमची बैठक रोज भरू लागली.

गीतरामायणाने समितीचा पहिला आठवडा खाल्ला. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली गदिमांची ही ५६ गीते, सुधीर फडक्यांच्या आवाजात, पुतण्याने अनेक तबकड्यांवरून उतरवली होती; प्रत्येक तबकडीवरच्या पहिल्या गाण्याचे नाव ‘ट्रॅक एक’, दुसऱ्याचे ‘ट्रॅक दोन’, आणि तबकडी कितवी याचा उल्लेख कोठेच नाही. संगणकाने शिस्तीने सगळे एक एकत्र केले, मग सगळे दोन. वाजवून पाहिले तो राम जन्मतो, लगेच वनवासाला निघतो, सीतेचे हरण होते, सेतू बांधून तयार, आणि इतके होऊन गेल्यावर विश्वामित्र दशरथाच्या दारी येऊन यज्ञरक्षणासाठी कोवळ्या रामाला मागतात. बाई डोळे मिटून ऐकत होत्या; म्हणाल्या, “ऐकायला वाईट नाही हो, पण कैकेयीला फार लवकर माफ केल्यासारखं वाटतं.” शेवटी त्यांनीच सगळा क्रम तोंडपाठ सांगितला, छप्पन्नच्या छप्पन्न, एकदाही न अडखळता, आणि मी तो नोंदीत घेतला. साहेबांनी मधे एका ठिकाणी शंका काढली; बाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

खरी अडचण त्या तोडीची. बाईंचे ठाम मत की आवाज हिराबाई बडोदेकरांचा. साहेबांचे तितकेच ठाम मत की तो हिराबाईंचे बंधू सुरेशबाबू माने यांचा. दोघेही अब्दुल करीम खाँसाहेबांची अपत्ये, एकाच घरच्या गळ्यांची वारसाहक्काने आलेली मिळकत, तेव्हा वाद दोन भावंडांतच होता हे खरे. पण आवाज बाईचा की बुवाचा एवढेही ठरू नये याचे मला नवल वाटले. कारण पुतण्याने सांगितले. वाईस त्या काळी सकाळची वीज बेभरवशाची, म्हणून बंधू टेपरेकॉर्डर सेलवर चालवीत. सेल उतरू लागले की टेप संथ फिरते. संथ उतरलेली टेप पुढे नेमक्या वेगाने वाजवली की आवाज चढतो आणि लय पळते. म्हणजे बुवा ऐकताना बाई होऊ शकतात. हेच गृहीत धरून पुतण्याने संगणकावर वेग थोडा उतरवला. सुरेशबाबू प्रगट झाले, साहेबांनी मांडीवर थाप मारली. बाईंनी वेग पूर्ववत करायला लावला, हिराबाई हजर. खरा वेग कोणता? वीजतारेची बारीक घरघर टेपमध्ये उतरली असती तर तीवरून निकाल लागला असता, कारण आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. परंतु सेलला घरघर नसते. संगणकातल्या गाण्यात घरघर आहे, पण ती ६० आवर्तनांची, म्हणजे पुतण्याने इथे कॅसेट उतरवली तेव्हा श्रूजबरीच्या वीजखात्याने घातलेली भर. असला साक्षीदार घटनास्थळी नव्हताच. आकाशवाणीच्या निवेदिकेने गायकाचे नाव अर्थातच सांगितले असणार. बंधूंनी टेप वाया जाऊ नये म्हणून निवेदन वगळून मगच कळ दाबली होती.

शेवटी मी वाईला फोन लावला. घटनेच्या वेळी जागेवर हजर असलेली एकच व्यक्ती हयात आहे, आणि ती वहिनी. त्यांना फोनवरून ते गाणे ऐकवले, शिट्ट्या ऐकून त्या खुदकन हसल्या, आणि कोण गात होते असे विचारताच म्हणाल्या, “ते मला काय विचारता भाऊजी? दूध उतू गेलं होतं त्या दिवशी, तेवढं पक्कं आठवतंय.”

हा जबाब मी शब्दशः लिहून घेतला. बाईंचे म्हणणे की एरवी वहिनींसारखी दक्ष गृहिणी दूध विसरायची नाही, विसरली म्हणजे गाणे हिराबाईंचेच. साहेबांनी त्यावर हरकत घेतली की दूध कोणाच्याही गाण्याने उतू जाऊ शकते. विवादग्रस्त प्रकरणांसाठी आमच्याकडे गाव नमुना सहा-अ असतो. त्यात दोघांच्याही हरकती दाखल करून घेतल्या आहेत. बाईंचा शिक्का ऑक्टोबरात संपतो, साहेबांचा नोव्हेंबरात, म्हणून पुढची तारीख सप्टेंबरातली धरली आहे, आणि दोन्ही पक्षांना आपापल्या वेगाची नक्कल देण्यात आली आहे.